हत्तीण जीपवर आली तेव्हा

अमेरिकेतल्या शुगर लँडचे दिगंबर सरनाईक जन्मभर भीतीवरच पोट भरत आले. तेलकंपनीत ते सेफ्टी इंजिनिअर होते. कुठला पाइप फुटेल, कुठे आग लागेल, याचा आधीच विचार करायचा, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर कंपनी सुटली, विचार सुटले नाहीत. त्यांची बायको लतिका मात्र बिनधास्त. वादळाची वॉर्निंग आली तरी शेजारणीकडे चहाला जाणारी. टांझानियाची सफारी तिनेच बुक केली.

"अहो, साठी उलटली. अजून किती दिवस सिंह टीव्हीवरच बघायचे?"

छोट्या विमानात दिगंबरराव डोळे मिटून बसले, लतिका खिडकीला नाक लावून. पहिला दिवस छान गेला. झेब्रे, जिराफ, सावलीत लोळणाऱ्या सिंहिणी. दिगंबररावांनी जीपचा दांडा सोडला नाही, पण तेही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याजवळ हत्तीचं पिल्लू रस्त्यावर आलं. लतिका फोन घेऊन उघड्या जीपमध्ये उभी राहिली.

"किती गोड आहे हो!"

तेवढ्यात डावीकडच्या झुडपात फांद्या मोडल्या. पिल्लाची आई होती. कान पसरून ती थेट जीपवर आली.

"सिट डाउन. डोन्ट मूव्ह," ड्रायव्हर जुमा दबक्या आवाजात म्हणाला.

लतिकाला बसताच येईना. दिगंबररावांनी कुडता धरून तिला खाली ओढलं. हत्तिणीच्या चीत्काराने पायाखालचा पत्रा थरथरला. पापण्यांचे केस दिसावेत इतकी ती जवळ आली. फोन कुठे पडला ते दोघांनाही कळलं नाही. मग ती थबकली, डोकं झटकलं, आणि पिल्लाला पुढे घालून निघून गेली.

लतिकाची बोटं जीपच्या दांड्यावरून एकेक करून सोडवावी लागली.

कॅम्पवर आल्यावर ती तंबूबाहेर येईना. शेजारचे प्रवासी समजावून गेले, की हत्तीण नुसती धमकावत होती. लतिकाने मान डोलावली, पण बाहेर काटकी मोडली तरी ती दचकायची. 'घाबरू नका' म्हटल्याने काहीही होत नाही, हे दिगंबररावांना ठाऊक होतं; लग्न झाल्यापासून ती त्यांना तेच म्हणत आली होती. खुर्ची ओढून ते नुसते शेजारी बसले.

"तुम्हाला नेहमी असं वाटतं?" तिने विचारलं.

"नेहमी नाही. पुष्कळदा."

"आणि मी हसायचे."

"हसायचीस."

"मग करता काय तुम्ही?"

"समोरचं एखादं काम करतो. आता चहा आणतो."

दुसऱ्या दिवशी ती जीपमध्ये बसली, पण मधोमध, त्यांचा दंड दोन्ही हातांनी धरून. बराच वेळ तिने मान वर केली नाही. एक शहामृग जीपच्या पुढे वेड्यासारखं पळत सुटलं, तेव्हा तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायलाच लागली. जुमाने गाडी हळू केली. दिगंबररावांनी रुमाल दिला.

घरी परतल्यानंतरची गोष्ट. लतिका ओट्याशी पोहे परतत होती. दारात कचऱ्याचा ट्रक आला, त्याचा लोखंडी हात डबा उचलताना कर्कश किंचाळला. तिच्या हातातलं उलथणं खाली पडलं.

"ट्रक आहे," दिगंबरराव म्हणाले.

"माहितीये."

पण ट्रक गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत ती हलली नाही. दिगंबररावांनी उठून गॅस बारीक केला.