बंबातला धूर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या गल्लीत राहत नाही. हाही भित्रेपणाच म्हणा, पण असो.

आधी बंबाचं सांगते. नाशकात पाथर्डी फाट्याच्या बाजूला आमची रो-हाऊसची ओळ आहे. सगळ्यांकडे गीझर, माझ्याकडे तांब्याचा बंब. सासूबाईंचा. मागच्या दारी ठेवलेला, चिंच लावून घासलेला, असा लखलखीत की पाहुणे त्याच्यापाशी फोटो काढायचे. आणि मी तोऱ्यात सांगायची, गीझरच्या पाण्याने अंग नुसतं ओलं होतं, आंघोळ व्हावी तर बंबाच्या पाण्याने! माझ्या या मिजाशीची गल्लीत चेष्टा व्हायची. मला ती आवडायची.

पण बंबात मी घालायची काय? शेजारी करवंट्या आणि लाकडाच्या ढलप्या नीट रचलेल्या असायच्या — त्या दाखवायला. त्यांच्या मागे पोतं होतं, त्यात वेगळाच माल. जावयाचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. तिथले सनमायका लावलेल्या प्लायचे तुकडे, रेक्झिनच्या पट्ट्या, सोफ्यातला फोम. नाहीतरी फेकूनच देणार, आणि पेटतं कसं झकास! वरून दुधाच्या रिकाम्या पिशव्या. बंब मी पहाटे पेटवायची, गल्ली उठायच्या आत. का? लवकर उठायची सवय, असं सगळ्यांना सांगायची. खरं कारण — धूर काळा निघायचा, आणि तो कुणी बघायला नको होता. म्हणजे मला कळत होतं. पुढचं ऐकताना एवढं लक्षात असू द्या.

भिंतीला भिंत लागून कविता राहते. माहेर कळवणकडचं, नवरा ओझरला कारखान्यात. त्यांची ईश्वरी तेव्हा नुकती बालवाडीत जायला लागली होती. ती मागच्या खोलीत झोपायची आणि त्या खोलीची खिडकी नेमकी माझ्या बंबाच्या अंगाला. दिवाळीनंतर गारठा पडला आणि पोरगी खोकायला लागली. भिंतीतून मला ऐकू यायचं. छातीत शिट्टी वाजायची, मग रिक्षा, दवाखाना, तोंडावर वाफेचा मास्क. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण घरादारात धूर-धूळ कुठून येते ते आधी शोधा आणि बंद करा.

कविताने कंबर कसली. मच्छर अगरबत्ती बंद, देवापुढचा धूप बंद, झाडूऐवजी ओलं फडकं, गोधड्या रोज उन्हात. ईश्वरीचं मऊ अस्वल धूळ धरतं म्हणून तेही माळ्यावर गेलं. त्यासाठी पोरगी रडली, तेही मी ऐकलं. खोकला मात्र हटेना.

एका सकाळी कविता माझ्या ओट्यापाशी येऊन उभी राहिली. डोळे तारवटलेले. म्हणाली, "काकू, लय घाण वास येतो ओ पहाटे. तुम्हाला येतो का? कशाचा असंल?"

तिला माझा संशय नव्हता. बंब म्हणजे लाकूडफाटा, तिच्या माहेरीही तसाच होता. मी फक्त म्हणायचं होतं, बाई, माझ्याकडूनच येतो. काय झालं असतं? थोडी लाज गेली असती. मी म्हणाले, "शोभाचा मसाला असेल गं. मिरच्या भाजते ना ती."

शोभा कविताच्या पलीकडची. तिचा कांदा-लसूण मसाला आमच्या गल्लीतून पार मुंबईच्या पाहुण्यांपर्यंत जायचा. ती भाजायची दुपारी, वास पहाटेचा — हे कविताच्याही लक्षात आलं असतं. म्हणून मीच घाईघाईने जोडून दिलं, की वास भिंतीत मुरतो आणि गारठ्यात पहाटे उतरतो. इतकं शास्त्र मला कुठून सुचलं, कोण जाणे.

पुढचं मला काही करावंच लागलं नाही. गल्लीने केलं. आधी कुजबुज, मग टोमणे, मग तोंडावर. शोभा भांडली, रडली आणि शेवटी तिने कढई उचलून ठेवली. घेतलेल्या ऑर्डरी परत केल्या. तरी पोरगी खोकतच होती. मग बोट शोभाच्या रोजच्या फोडणीकडे गेलं. बिचारी खिडकी लावून स्वयंपाक करायला लागली.

आणि मी? मी बंब पेटवत होते. हो, त्या सगळ्या दिवसांत.

मग एका पहाटे पोत्यात हात घातलेला असताना पलीकडून खोकला सुरू झाला. कविताने पोरीला कडेवर घेतलं आणि मोकळी हवा मिळावी म्हणून खिडकी उघडली. माझ्या धुराकडे. मला तिने पाहिलं नाही, अजून अंधार होता. मी भरली बादली बंबाच्या जाळावर ओतली आणि तिथेच बसून राहिले.

त्यानंतर बंब पेटला नाही. गुडघे साथ देत नाहीत म्हणून गीझर घेतला, असं सांगितलं. पोतं जावयाकडे परत गेलं. हळूहळू ईश्वरीचा खोकला उतरला. गल्ली म्हणाली, बघा, शोभाने खिडकी लावली तेव्हाच पोरीला आराम पडला!

शोभालाही ते पटलं. त्या वर्षी हळदीकुंकू माझ्याकडे होतं. तिथे तिने कविताचा हात धरला. "माझ्यामुळं पोरीचे हाल झाले. मला खरंच कळलं नाय गं. मनात ठेवू नको." कविता तिच्या गळ्यात पडली. सगळ्यांचे डोळे भरले. मी दोघींना कुंकू लावलं आणि तिळगूळ दिला.

ईश्वरी आता गल्लीभर सायकल दामटते. अस्वल माळ्यावरून खाली आलं. बंब मी हॉलमध्ये ठेवलाय, अजून घासते, पाहुणे अजून फोटो काढतात.

शोभाने मसाला पुन्हा केला नाही. आजही फोडणी टाकायच्या आधी ती खिडकी लावून घेते. मागच्या दारी असले की कडीचा आवाज मला ऐकू येतो. मग तेल तडतडतं, मिरचीचा खाट तिच्या बंद स्वयंपाकघरात कोंडतो, आणि आता खोकते ती शोभा.