नसलेल्या डी ड्राइव्हवरून

भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. तेव्हा तर देवापेक्षा जास्त विश्वास स्वतःवर होता... तीन महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स केलेली बाई मी.

ऐंशीच्या दशकाचा शेवट, मे महिना. नागपूरला रामदासपेठेत घराच्या मागच्या खोलीत, यांनी घेतलेल्या सेकंडहँड पीसीवर मी जॉब टायपिंग करायची. हार्ड डिस्कचे दोन भाग होते. सीवर प्रोग्राम आणि गिऱ्हाइकांची कामं, डीवर फक्त नणंदेचा, पुष्पाचा, पीएचडीचा प्रबंध. हिंगण्याच्या कारखान्यांतल्या बायकांवर. शिफ्ट सुटताना गेटवर उभं राहून तिने मुलाखती घेतलेल्या. शेवटच्या सगळ्या दुरुस्त्या थेट स्क्रीनवर केलेल्या, आणि प्रबंध जमा करायची शेवटची तारीख एका दिवसावर आलेली.

त्या दिवशी सकाळीच सी भरला. मशीन पुढे काही घेईना.

"दोन्ही भाग एक करून टाकते," मी म्हणाले. त्यासाठी आधी सगळं पुसायचं, मग फ्लॉपीवरून परत भरायचं.

"माहा प्रबंध जाईन न वं वहिनी."

"फ्लॉपीवर आहे सगळा. कोर्स काय उगाच केला मी?"

पुसलं. अख्खी डिस्क सीला दिली, फॉरमॅट केली, ड्रॉवरमधल्या फ्लॉप्यांवरून प्रोग्राम आणि गिऱ्हाइकांची कामं चढवली. मग प्रबंधाच्या फ्लॉप्या आणायला गेले. कोर्सच्या सरांनी शिकवलं होतं, फ्लॉपी थंड जागी ठेवा. आता नागपूरच्या मे महिन्यात थंड जागा कोणती? या महत्त्वाच्या, म्हणून मी त्या कूलरमध्ये ठेवल्या होत्या, वाळ्याच्या ताटीला टेकवून. पाकिटांतून पाणी ठिबकत होतं. एकही वाचली जाईना.

पुष्पा एकेक फ्लॉपी पदराला पुसत राहिली. सासूबाई तेवढ्या दारातून म्हणाल्या, "टाइपरायटर बरा होता. त्याले तहान तं लागत नव्हती."

पुष्पा खुर्चीत बसली आणि सवयीने डी टाइप करून एंटर दाबलं. असा ड्राइव्हच नाही, असं उत्तर यायला हवं होतं — मीच तर तो पुसला होता. पण डी उघडला. आत प्रबंध. सगळी प्रकरणं, कालच्या दुरुस्त्यांसकट.

"सीवर कॉपी करून घेऊ," मी म्हणाले.

"हात नोको लावू. हाय तसं छाप."

प्रिंटर करकरत राहिला. मला बसवेना. एकदा छपाईच्या प्रोग्राममधून बाहेर पडून बघावं, मशीन डिस्कचा भाग एक दाखवतं की दोन... बोटं नुसती शिवशिवत होती. मी कीबोर्डजवळ गेले की पुष्पा माझं मनगट धरायची.

"काहून पाहून राहिली वं? छापून राहिलं न?"

"अगं पण हा डी आहे कुठे?"

"मले नाही माहीत. तू खाली बस."

ऊन उतरलं तेव्हा शेवटचं पान आलं. पुष्पाने गठ्ठा छातीशी धरला आणि मगच माझं मनगट सोडलं. मी डी टाइप केलं. असा ड्राइव्ह नाही.

त्यानंतर किती इंजिनिअरांना विचारलं. भाग पुसले नसतील म्हणतात. पुसले होते हो, कोर्स केला होता मी.

पुष्पा डॉक्टर झाली, रिटायरही झाली. विषय काढला की म्हणते, "छापलं न? मग झोप न वं." ती झोपते. मी अजून रिकामा डबासुद्धा घासायला टाकण्याआधी दोनदा उघडून बघते.