निंगव्वाने मोडलेले व्रत

१९७४च्या श्रावणात बाळीवेशीतल्या निंगव्वाने सोळा सोमवारांचे व्रत धरले, तेव्हा तिची सासू काशम्मा हिला कोण आनंद झाला. निंगव्वाचे पहिले मूल पोटातच गेले होते. दुसरे जन्मून आठवडाभरही जगले नव्हते. आता महादेवच काय ते मनावर घेईल, असे काशम्माने आळीभर सांगितले. व्रतामागचे कारण मात्र तिला ठाऊक नव्हते, आणि ते तिला कळू नये एवढ्यासाठीच व्रत धरलेले होते.

कारण दवाखान्यात उघड झाले होते. दुसरे मूल गेल्यावर सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायको दोघांचे रक्त तपासायला घेतले. नर्सने नवऱ्याचे नाव विचारले, तेव्हा निंगव्वाने व्हरांड्याकडे बोट केले.

"ते बसल्यात की तितं."

"बसलेत ते दिसतंय. बसणाऱ्याला नाव नसतंय का?"

शेवटी शिवलिंगप्पानेच उठून आपले नाव सांगितले. पुढच्या खेपेला त्याला आणखीही बरेच सांगावे लागले. लग्नाआधी तो भिवंडीला मागावर कामाला होता. तिथे असताना त्याला खाली एक चट्टा उठला. एका वैदूने पुड्या दिल्या, चट्टा गेला, आणि चट्ट्याबरोबर रोगही गेला असे तो धरून चालला. तो रोग म्हणजे गरमी, आणि ती रक्तात राहिली होती. ती त्याच्याकडून निंगव्वाकडे आली आणि तिच्याकडून मुलांकडे गेली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोघांनीही सुया घ्यायच्या. बरा होणारा आजार आहे. पण मी सांगेपर्यंत एकमेकांजवळ जायचं नाही. दिवस तर राहूच द्यायचे नाहीत. रक्तातलं रोगाचं प्रमाण उतरलेलं मला दिसलं पाहिजे."

"मंग मूल जगंल?"

"ते तेव्हा विचार. आज विचारलंस तर मी नाही म्हणेन."

सांगणे सोपे होते. घर एका खोलीचे, पुढे पडवी. खोली लेका-सुनेला मोकळी मिळावी म्हणून काशम्मा बारा महिने पडवीत झोपत असे. त्या घरात दोघांनी कारणाशिवाय वेगळे झोपायचे म्हणजे चार दिवसांत सगळ्या आळीने विचारपूस करायला यायचे. शिवलिंगप्पा मागावर रातपाळी मागतो म्हणाला. पण अव्वा, म्हणजे त्याची आई, मालकाकडे जाऊन ती रद्द करून घेईल, हे त्यालाही कळत होते. मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता निंगव्वाला व्रत सुचले. सोमवारी मीठ वर्ज्य, आणि उद्यापन होईपर्यंत अंथरुणे वेगळी.

काशम्माने ते डॉक्टरीणबाईंपेक्षाही मनावर घेतले. तिने पडवीतली आपली वाकळ आत आणली आणि लेका-सुनेच्या मधोमध पसरली. पहाटे शिवलिंगप्पा उठला की तिचा आवाज येई.

"कुटं चाललास?"

"पाणी प्यायला, अव्वा."

"माठ तिकडं हाय."

सोमवारी निंगव्वा सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाई आणि पहिले काही सोमवार तिथून परस्पर दवाखान्यात. सुईने कंबर भरून येई. चालून चालून सून लंगडते आहे असे समजून काशम्मा तिला शेक देई.

शेवटच्या सोमवारच्या आदल्या शनिवारी डॉक्टरीणबाईंनी नकारार्थी मान हलवली. प्रमाण उतरले होते, पण पुरेसे नव्हते. सुया पुन्हा घ्यायच्या, आणि आणखी चार महिने थांबायचे.

घरी उद्यापनाची तयारी झाली होती. चुरम्यासाठी गहू दळून आले होते. काशम्माने वाकळ धुऊन पडवीतल्या दोरीवर वाळत घातली होती.

"अव्वाला सांगून टाकू का?" शिवलिंगप्पाने विचारले.

"सांगा की."

त्याने सांगितले नाही.

सोमवारी तिन्हीसांजेला आळीतल्या बायका जमल्या. नैवेद्य दाखवायच्या आधी निंगव्वा चुलीपाशी गेली, मिठाची बरणी उघडली आणि चिमूटभर मीठ सर्वांदेखत जिभेवर ठेवले.

"अय्यो! काय केलंस गं हे?" काशम्मा ओरडली.

"भान ऱ्हायलं न्हाय, अत्ती."

"भान? हातानं झाकण काढलंस की!"

शेजारच्या केराबाईने चुकचुकत म्हटले, "आता पयल्या सोमवारपासनं धरावं लागंल बाई."

निंगव्वाला हवे होते ते एवढेच. पण काशम्मा तिथे थांबली नाही. "हिला मूलच नको हाय," ती बायकांकडे वळून म्हणाली. "दोन खाल्ली, आता तिसरं येऊ देत न्हाय. उद्याच्या उद्या माहेरी धाडते. शिवलिंगाला बायकांचा तोटा न्हाय."

निंगव्वाने बरणीचे झाकण लावले.

शिवलिंगप्पा दारात उभा होता. "अव्वा," तो म्हणाला, "मीठ तिनं माज्यापायी खाल्लं. आजार माजा हाय."

"कसला आजार?"

"रक्तातला. भिवंडीत लागलेला. पोरं त्यानंच गेली. डॉक्टरीणबाईंनी अजून थांबाया सांगितलंय."

बायकांनी पदर सावरले. काशम्माने देवाला न दाखवलेला चुरमा मूठमूठ त्यांच्या हातांवर घातला आणि त्यांना वाटेला लावले. सांगायचे तेवढे त्या आळीला सांगणारच होत्या. मग ती पडवीत गेली, दोरीवरची वाकळ काढली आणि आत आणून होती तिथेच, दोघांच्या मधे, अंथरली.

"डॉक्टरीण कवाचं म्हणली?" तिने सुनेला विचारले.

"चार महिन्यानं बघू म्हणल्या."

"मंग तवर मी हितंच."

दुसऱ्यांदा धरलेले सोमवार कुणी मोजले नाहीत. उन्हाळ्यात डॉक्टरीणबाईंनी होकार दिला आणि वाकळ पडवीत गेली. पुढच्या वर्षी मुलगी झाली. तिचेही रक्त तपासले. ते स्वच्छ निघाले. तरीही आठवडा उलटेपर्यंत काशम्माने बारशाचे नाव काढले नाही.