मागच्या रांगेतला उंच पीटर-जो

मलाकी गॅलॉग्ली कोण, असं आमच्या ड्रमकील गावात कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळायचं: पीटर-जोचा मुलगा. पीटर-जो म्हणजे माझे सासरे. एकोणीसशे चौतीस साली शेजारच्या जिल्ह्याच्या वेशीवर झालेल्या सामन्यात त्यांनी शेवटच्या मिनिटाला गोल मारला, आणि आमच्या फुटबॉल क्लबला जन्मात एकदाच चषक मिळाला. मैदानाला त्यांचंच नाव आहे. मलाकी स्वतः अकरा वर्षं राखीव खेळाडू होता. बाकावर त्याच्याइतकं भक्कम दुसरं कुणी बसलं नाही, हे मी बायको म्हणून नाही, खेळाडूंचे कपडे धुणारी म्हणून सांगते. त्याची जर्सी धुवायला मला कधी साबण लागला नाही.

क्लबची शंभरी जवळ आली तेव्हा इतिहास लिहायचं काम मलाकीनं अंगावर घेतलं. एका चषकाचा इतिहास पोस्टकार्डावर मावला असता. त्याला सहा वर्षं लागली. गावातला प्रत्येक जण येऊन सांगायचा की आमचे आजोबा त्या संघात होते. आमच्याकडे फुटबॉलचा संघ पंधरा जणांचा; त्यात मलाकीनं एकेचाळीस माणसं मोजली. चहा-सँडविच करणाऱ्या बायकांना शेवटच्या पानावर अर्धी ओळ मिळाली, तीही नावांशिवाय.

पुस्तकासाठी त्यानं चौतीसच्या संघाचा फोटो मोठा करून चुलीवरच्या भिंतीवर टांगला. चेहरे पुसट झालेले; मागच्या रांगेत तिसरे पीटर-जो, बाकीच्यांपेक्षा डोकंभर उंच. गॅलॉग्लींच्या घराण्यात आजवर गोठ्याच्या अर्ध्या दारावरून ज्याला बाहेर दिसलं असा एकही पुरुष झाला नाही.

"तरुणपणी उंच असणार," मलाकी म्हणाला. "वयानं माणूस खचतो."

"हातभर?" मी विचारलं.

"डिम्पना, तू बटाटे सोल."

मी सोलले.

मे महिन्यात फेलिम मॅकमॉरो घरी आला. तळ्यापलीकडच्या ग्लेनबॉयचा, पंचाहत्तरीचा म्हातारा. ग्लेनबॉय आणि आम्ही एकमेकांच्या मयतीला जातो, पण एकमेकांच्या विजयाला टाळी वाजवत नाही. तरी हा बाबा आमचे सगळे सामने गोलामागच्या कुंपणाला टेकून बघायचा. आम्हाला वाटायचं, हरताना बघायला येतो, आणि त्याची सोय आम्ही दर रविवारी करायचो.

दारातून तो वाकून आत आला आणि बसला नेमका फोटोखाली.

"मलाकी, पुस्तकाची एक प्रत माझ्यासाठी ठेव रे बाबा. आमच्या घरी सांगू नकोस."

मलाकीनं त्याच्याकडे बघितलं, मग वर बघितलं, मग परत खाली. चहा पिऊन फेलिम वाकून बाहेर गेला. मलाकीचा कप तसाच.

"डिम्पना, खरं सांग. तो कोण आहे फोटोत?"

आता लपवून काय करणार? "सासूबाईंनी मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगितलं. मामंजी सामन्याच्या दोन दिवस आधी गवताच्या गाडीवरून पडले. पाय मोडला. चौदाच माणसं उरली. मग तळ्यापलीकडून एकाला होडीतून आणला आणि मामंजींच्या नावावर खेळवला. फादरनी सामन्याआधी प्रार्थनेला डोळे मिटले, ते सामना संपेपर्यंत उघडलेच नाहीत."

ज्या गावात जन्मलो त्याच गावाकडून खेळायचं, हा आमच्याकडे देवाच्या दहा आज्ञांपेक्षा कडक नियम. त्या दहा मोडल्या तर निदान पापनिवेदन करून माफी मिळते.

"एकतीस वर्षं तुला माहीत होतं!"

"तू कधी विचारलंस?"

तीन दिवस तो धड जेवला नाही. मला हसू येत होतं आणि येतही नव्हतं. या माणसाजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती दुसऱ्याचीच निघाली. खरं छापलं तर तो कुणाचा मुलगा म्हणून राहणार? क्लबचा अध्यक्ष घरी येऊन म्हणाला, "अरे, मेलेल्या माणसाचा गोल काढून घेतोस? मैदानाची पाटी बदलायला लावशील!" मलाकी म्हणाला, "गोल ज्याचा तो अजून जिवंत आहे रे." एवढं शहाणं वाक्य त्याच्या तोंडून मी आधी ऐकलं नव्हतं. त्यानं फोटोखाली खरं नाव लिहिलं आणि कागद छापायला धाडले.

पुस्तक निघालं त्या दिवशी गावच्या हॉलमध्ये सगळं ड्रमकील, आणि सन्मानाच्या खुर्च्यांवर ग्लेनबॉयची माणसं. मलाकी उभा राहिला. त्यानं कागदावरून वाचलं: "चौतीसचा गोल माझ्या वडिलांनी मारला नाही. फेलिम मॅकमॉरोंनी मारला."

सँडविच चावायचा आवाजसुद्धा थांबला. फेलिमच्या दोन्ही बाजूंना बसलेले त्याचे गाववाले त्याच्याकडे वळले. म्हातारा काठी आपटत उठला.

"खोटं आहे! मी? ड्रमकीलकडून? त्यापेक्षा तळ्यात जीव दिला असता! या माणसाला वेड लागलंय!"

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! आमच्या लोकांनी वाजवल्या, त्यांच्या लोकांनी वाजवल्या. दोन्ही गावांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच बघितलं. अध्यक्षानं तिथल्या तिथे जाहीर केलं की छापताना चूक झाली आहे, पाटी आहे तशी राहील. खरं बोलणारा एकटा मलाकी तेवढा खोटा ठरला, आणि पीटर-जोचा मुलगा म्हणून सगळे त्याला उदारपणे माफ करून गेले.

मी कप गोळा करत होते. मलाकी दाराशी एकटा उभा होता. सगळे गाड्यांकडे गेल्यावर फेलिम मागे फिरला. कोटाच्या आत पुस्तक छातीशी धरलेलं दिसत होतं.

"पान चाळीस," तो हळूच म्हणाला. "तू उजव्या पायानं लिहिलंयस."

"माझे वडील उजव्या पायाचे होते," मलाकी म्हणाला.

"ते असतील. गोल डाव्यानं होता. पुढच्या वेळी नीट लिही."

आणि वाकून बाहेर गेला. मलाकीनं खिशातून पेन्सिल काढली. हॉलमध्ये उरलेल्या एकशेबारा प्रतींमध्ये तो एकेक करून 'उजव्या' खोडून 'डाव्या' लिहायला लागला. निम्म्या मी केल्या. माझं अक्षर त्याच्यापेक्षा वाईट, पण कुणी विचारलं नाही.