एकाच नावाचे दोन सभासद

जगात कुठलीच नोंद दोनदा होऊ नये, ही जबाबदारी माझ्या आतेबहिणीनं, अक्कानं, एकटीनं उचलली आहे, आणि तिच्याइतकं कडक सरकार मी अजून पाहिलेलं नाही. ती नौबादला राहते, डेटाबेस सांभाळते. आमच्याकडं आली की एकसारख्या पेल्यांच्या बुडाला खिळ्यानं खुणा करते. कुणी जुना किस्सा काढला की हात वर करते, "हे नोंदलंय, पुढं चला!" मी समतेची पत्रकं वाचून दाखवायचो, "सगळी माणसं सारखी!" ती म्हणायची, "व्हय, सारखी. पर तीच न्हाईत, राजा."

आळंदचं वाचनालय अप्पांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, उभं केलं. तिथली सभासदनोंदणी अक्कानं कंप्युटरवर आणली, तेव्हा सचिव म्हणाले, "नाव हाय का बघायचं, नसंल तर टाकायचं. झालं की!" ती म्हणाली, "अण्णा, बसच्या दोन खिडक्यांतून दोघं बघायलेत, सीट रिकामी हाय. दोघांची दस्ती, रुमाल, एकदमच सीटवर पडली, मग बसणार कोण? बघून भागत न्हाई. सीटनंच दुसऱ्याला नको म्हणलं पाहिजे." तीच नोंद दुसऱ्यांदा आली की असं नको म्हणणारा नियम, तो तिचा युनिक इंडेक्स. नुसत्या नावावर लावला तर गावोगावच्या लक्ष्मीबाई अडतात, म्हणून तिनं तो नाव, वडील आणि गाव या तिन्हींवर मिळून लावला. जन्मतारीख घेतली नाही; जुन्या सभासदांची मास्तरांनी सर्रास एक जूनच लिहिलेली.

आणि त्यात अडकलो मी. आमच्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. अप्पा तुकाराम भीमराव, मीही तुकाराम भीमराव, गाव तेच. कंप्युटर म्हणे, हा माणूस आधीच आहे. "अप्पांना पुसून टाक की," सचिव म्हणाले, "आता कुठं वाचायला यायलेत ते?" अप्पांनी जमवलेली पुस्तकं मला हवी होती, पण त्यांना त्यांच्याच वाचनालयातून काढून? मी माझा अर्ज परत उचलला.

अक्का ताडकन उठली. "नियम माझा चुकलाय, अण्णा. अप्पा न्हाई चुकले. कामून पुसू?" तिथंच जुना इंडेक्स काढून तिनं नवा लावला. त्याला ती पार्शल म्हणते: तेच नाव, वडील, गाव असलेला एकच, पण हयात असलेल्यांपुरता. गेलेले नोंदीत राहतील, कुणाची वाट अडवणार नाहीत. अप्पांपुढं तिनं 'हयात नाही' अशी खूण केली. मग तिनं माझं नाव टाकलं, आणि कंप्युटरनं ते मुकाट घेतलं.

आता पुस्तक घेताना पडद्यावर आम्ही दोघं एकाखाली एक दिसतो. उद्या माझ्या नातवाचंही नाव हेच असेल. त्याला आत घेताना कुणीतरी माझ्यापुढं ती खूण करेल. तेव्हा अक्काही नसेल. पण मला कुणी पुसणार नाही.