नाही सांगण्याचं काम

माझी धाकटी बहीण एकोणीस वर्षांची असताना तिच्या डोळ्यांच्या आजाराला नाव मिळालं. तोवर आम्ही त्याला नुसतं रातांधळेपण म्हणायचो आणि तिला गाजरं खाऊ घालायचो. आमचं घर मोहाडी तालुक्यातलं, कोशाचं म्हणजे टसर रेशमाचं कापड विणणारं. बाबा मागावर बसायचे, आई आणि ती सूत गुंडाळून कांड्या भरायच्या. सूत तुटलं की बाबा तिलाच हाक मारायचे, कारण केसाएवढं टोक तिला चटकन सापडायचं. मग ते सापडेनासं झालं. समोरचं दिसे, बाजूचं दिसेना. अंगणात उभ्या सायकलला ती रोज धडकायची आणि सायकल तिथे ठेवणाऱ्याला शिव्या द्यायची. सायकल माझीच होती. मी करडीच्या शाळेत शिकवते.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याचा पडदा हळूहळू मरतोय आणि आजार जन्मापासून रक्तातच आहे. असा आजार असलेल्या घरांनी मिळून एक संस्था काढली होती, तिचा पत्ताही त्यांनीच दिला. त्या संस्थेला सल्ला देणारे तिघं होते. पडद्याचे एक म्हातारे डॉक्टर, जनुकांवर काम करणारी दक्षिणेकडची एक शास्त्रज्ञ बाई आणि घरच्यांना समजावून सांगणारी एक समुपदेशक. महिन्यातून एकदा ते व्हिडिओवर भेटत. मला इंग्रजी बऱ्यापैकी येतं म्हणून आमच्या भागातल्या घरांचे प्रश्न त्यांच्यापुढे मांडायचं आणि उत्तरं आमच्या बोलीत घरोघर सांगायचं काम माझ्याकडे आलं. चष्म्यानं फरक पडेल का? नाही. ऑपरेशननं? नाही. दुसऱ्याचा डोळा बसवता येईल? नाही, पडदा बदलता येत नाही. मी फोन केला की पलीकडचा माणूस आधी तब्येत विचारायचा, पाऊसपाण्याचं बोलायचा. मी फोन कशासाठी केलाय हे त्याला ठाऊक असायचं.

बहिणीच्या रक्ताचा रिपोर्ट आला. आईकडून एक आणि बाबांकडून एक, अशा एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या. आई ही बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. समुपदेशक पुन्हा पुन्हा म्हणाली, यात दोष कुणाचाच नाही. आईनं मान डोलावली. पुढे कितीतरी दिवस तिनं माहेरचं नाव काढलं नाही. जगात एका जनुकावर औषध निघालं होतं, पण हिचं जनुक ते नव्हतं; हिच्या जनुकावर शास्त्रज्ञ बाईंचं संशोधन अजून चालू होतं.

त्याच सुमारास बाबा अड्याळच्या बाजारातून जाहिरातीचा एक कागद घेऊन आले.

"परराज्यात एक दवाखाना हाय म्हनते. डोळ्यात सुई देऊन नव्या पेशी टाकते. तू विचार न तुह्या डागतराइले."

मी विचारलं. म्हातारे डॉक्टर नेहमी घाईत बोलत, त्या दिवशी सावकाश बोलले. "याला काही पुरावा नाही. उरलेली नजरही जाऊ शकते. माझी मुलगी असती तरी मी नाहीच म्हणालो असतो." शास्त्रज्ञ बाईंनीही नकारार्थी मान हलवली.

मी घरी तेच सांगितलं. बाबांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. बहीण म्हणाली, "नाही तं नाही. मले सुईचा भेव वाटतेच."

दोन वर्षांत तिचं समोरचंही गेलं. आधी अक्षरं, मग आमचे चेहरे. एका दुपारी मी तिच्या केसांना तेल लावत होते. ती म्हणाली, "सुई घेतली असती तं निदान काही करून पाह्यलं असं वाटलं असतं. तू नाही म्हनली."

"मी नाही गं, डॉक्टर म्हणाले."

"घरी येऊन कोन म्हनलं?"

मी वेणी घालून दिली.

पुढे आंबागडच्या एका माणसाचा फोन आला. त्यालाही सुईसाठी मीच 'नाही' सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नव्हतं, जाऊन सुई घेऊन आला होता. डोळ्याच्या आत पू झाला आणि त्याला उजेड-अंधार कळायचा तोही गेला. तो फोनवर रडत होता आणि मला, खरं सांगते, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. एका माणसाचा डोळा गेला आणि मला बरं वाटलं. तेवढ्यावर मी थांबले नाही. तशीच उठून बहिणीला ते सांगायला गेले.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "त्याचं गेलं म्हून मी खुश होऊ का, ताई?"

गेल्या हिवाळ्यात संस्थेनं भंडाऱ्याला मेळावा घेतला. शास्त्रज्ञ बाई पहिल्यांदाच इकडे आल्या. आजवर मोबाइलच्या पडद्यावर पाहिलेली बाई प्रत्यक्षात अगदी लहानखुरी होती. प्रश्न विचारायची वेळ झाली तेव्हा बहीण आपणहून उभी राहिली.

"तुमचं औषध निघन तवा माह्या डोळ्यात काही उरलं राहीन का?"

मी प्रश्न इंग्रजीत जसाच्या तसा सांगितला. बाई बहिणीकडे वळल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या की बहुधा नाही. औषध आलं तरी त्याला काम करायला जिवंत पेशी लागतात, आणि इतक्या वर्षांनी त्या उरत नाहीत. बोलताना त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

एवढी वर्षं मी शेकडो घरांना 'नाही' सांगितलं होतं. तेव्हा मात्र माझ्या तोंडून निघालं, "आत्ताच काही सांगता येत नाही म्हणतात."

"ताई," बहीण म्हणाली, "नीट सांग."

सगळा हॉल ऐकत होता.

"उरणार नाही म्हणतात."

"बरं," ती म्हणाली आणि चाचपडत खुर्चीवर बसली. संशोधनासाठी रक्त द्यायचं होतं, ते तिनं दिलं. सही जिथे करायची तिथे मी तिचं बोट टेकवलं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. वरठी गेल्यावर तिनं विचारलं, "त्या बाईच्या डोळ्यात पानी आलं होतं का?"

"हो."

"मले आवाजावरून वाटलंच." मग म्हणाली, "ते परकी बाई खरं बोलली. तू काहून खोटं बोलली?"

मोहाडी येईपर्यंत मी तिचा हात धरून होते. तिनं तो काढून घेतला नाही, पण माझ्या हातावर तिची बोटंही मिटली नाहीत.

आता तिच्या मोबाइलमध्ये इंग्रजी मजकूर मराठीत वाचून दाखवणारं ऍप आहे. संस्थेच्या तज्ज्ञांचं पत्र आलं की ती कानात इअरफोन घालून ओसरीवर बसते आणि स्वतः ऐकते. मी आतून तिचा चेहरा बघते. ऐकून झालं की इअरफोन काढते, वायर नीट गुंडाळते आणि आईला हाक मारून विचारते, कांड्या भरायच्या हायेत का.