आवृत्तीचं साल

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात संदर्भ विभाग वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर तिथं बसवत नाही, म्हणून खिडक्यांना मी घरच्या जुन्या चादरी शिवून लावल्या होत्या. इथली पुस्तकं घरी देत नाहीत. यायचं, टेबलाशी बसून बघायचं, हवं ते टिपून घ्यायचं आणि पुस्तक तिथंच ठेवून जायचं. शब्दकोश, ज्ञानकोश, नकाशांची बाडं, कायद्याचे खंड, वैद्यकाचे दोन जाडजूड कोश. मी ग्रंथपाल म्हणून रुजू झाले तेव्हा यातल्या निम्म्या पुस्तकांच्या पाठी उसवल्या होत्या. एकेक करून मी सगळ्यांना कापडी बांधणी करून घेतली. त्यामुळं ती पुस्तकं मला सरकारी वाटत नसत, घरातली वाटत.

प्राचार्यांनी ऑनलाइन डेटाबेस घ्यायचं काढलं तेव्हा म्हणूनच मला ते रुचलं नाही. एका कंपनीचा प्रतिनिधी आला, भिंतीवर पडदा लावून त्यानं सगळं दाखवलं. हजारो नियतकालिकं, कोश, लेख, एका जागी. सगळे प्राध्यापक खूश झाले. मी विचारलं, "वर्गणी थांबली की आमच्या हातात काय राहतं?" तो हसून म्हणाला, "मॅडम, वर्गणी थांबवायची कशाला?"

महिनाभर फुकट वापरून बघायचं ठरलं. प्राचार्य सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आवडलं तर वरचा मजला रिकामा करू. पुस्तकं खाली गोदामात, वर संगणक. बघा विचार करून."

मी विचार करायचं कबूल केलं, पण मनातून नाहीच म्हटलं होतं. संगणकाशी माझं वैर नव्हतं. विद्यार्थ्यांना मीच शिकवायचे की आपल्या शहरावर काही शोधायचं असेल तर जुन्या आणि नव्या, दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर अर्धं हाती लागणार नाही. पण छापील कोशाचा जो भरवसा वाटायचा तो पडद्याचा वाटत नसे.

त्याच सुमारास नवऱ्याची तपासणी झाली. तो शेंद्र्याला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. तिथं दरवर्षी सगळ्यांचं रक्त तपासतात. या वेळी त्याच्या पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या आल्या. आधी वाटलं, लॅबची चूक असेल. पुन्हा रक्त दिलं, तर आकडा आणखी वर. मग आम्ही कॉलनीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी पोट दाबून बघितलं. डाव्या बरगडीखाली त्यांची बोटं जरा थांबली.

"थकवा येतो? रात्री घाम येतो?"

"उन्हाळाय डॉक्टर, घाम कुणाला येत नाय?" नवरा म्हणाला.

डॉक्टर हसले नाहीत. रक्ताच्या आजारांच्या तज्ज्ञाला त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. ते तज्ज्ञ बाहेरगावी होते, आठवड्यानं भेटणार होते. चिठ्ठीत शेवटी एका आजाराचं इंग्रजी नाव होतं, त्यापुढं प्रश्नचिन्ह. नवऱ्यानं चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"काय की. इन्फेक्शन असंल."

मी ते नाव वाचलं होतं. रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार आहे एवढं मला त्यातल्या शेवटच्या शब्दावरून कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालय उघडल्या उघडल्या मी वर गेले. फोनवर बघायची हिंमत झाली नव्हती. कुणीही उठून काहीही सांगतो तिथं. वैद्यकाच्या कोशाचा खंड काढला आणि दोन कपाटांच्या मधे उभ्यानंच वाचायला लागले. आजाराचं वर्णन शांत, स्वच्छ भाषेत होतं. पांढऱ्या पेशी वाढतात. पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजते, तीच डाव्या बरगडीखाली लागते. वजन उतरतं. पहिली काही वर्षं रुग्ण बरा असतो, मग आजार उसळतो, आणि त्यानंतर फारसं काही करता येत नाही. तीन-चार ओळींत सगळं संपलं होतं. खाली पुढचा शब्द, पुढचा आजार.

मी पुस्तक जागेवर ठेवलं. दिवसभर काम केलं. कुणी काय मागितलं, मी काय दिलं, आठवत नाही.

संध्याकाळी घरी आले तर नळाला पाणी आलं होतं. आमच्याकडं पाण्याचा दिवस म्हणजे सगळं सोडून पाण्यामागं. नवरा बनियनवर अंगणात उभा राहून पाइप एका ड्रममधून दुसऱ्यात टाकत होता.

"आज लई जोरात आलंय बघ! गच्चीवरची टाकीपण भरंल."

मी त्याच्या पाठीकडं बघत राहिले. खांद्याची हाडं वर आली होती. हिवाळ्यापासून तो संध्याकाळी चालायला जात होता, म्हणून बारीक झाला असं मी मैत्रिणींना कौतुकानं सांगितलं होतं. मुलगी आत अकरावीचा अभ्यास करत बसली होती. तिची बारावी, मग पुढचं शिक्षण, आणि पुस्तकातली ती काही वर्षं. मी मनातल्या मनात एकापुढं एक मांडून बघत होते आणि ती पुरत नव्हती.

"काय झालं? तोंड का उतरलंय?" त्यानं विचारलं.

"ऊन लागलंय जरा."

"लिंबूपाणी घे," म्हणून तो बादल्यांकडं वळला.

पुढचे दिवस आम्ही दोघंही फार गोड वागलो. तो माझ्या स्वयंपाकाला चांगलं म्हणायचा, मी त्याच्या क्रिकेटला नावं ठेवणं बंद केलं. मुलीनं एकदा विचारलंही, "तुमचं भांडण झालंय का?"

मग एके दिवशी प्राणिशास्त्राच्या नव्या बाई माझ्या टेबलाशी आल्या. अजिंठ्याकडच्या. नुकत्याच लागल्या होत्या आणि पीएचडीचं काम काढून बसल्या होत्या.

"मॅडम, डेटाबेसला पासवर्ड टाकला तरी आत जाऊ देईना. जरा बघता का?"

मी त्यांना माझ्याच संगणकावर बसवलं. पासवर्डातलं एक अक्षर मोठं टाकायचं होतं, एवढंच. त्यांना हवे ते लेख मिळाले, त्या भराभर उतरवून घेऊन गेल्या. पडदा तसाच उघडा राहिला. डाव्या बाजूला विषयांची नावं होती. कृषी, कायदा, प्राणिशास्त्र, वैद्यक.

मी वैद्यकावर क्लिक केलं आणि ते नाव टाकलं. स्पेलिंग मला आता पाठ होतं.

पहिल्याच परिच्छेदात होतं की हा आजार एकेकाळी काही वर्षांत जीव घेत असे. एकेकाळी. मी ते वाक्य पुन्हा वाचलं, मग मोठ्यानं वाचलं. पुढं लिहिलं होतं की आता या आजारावर नेमकी औषधं निघाली आहेत. रोज गोळी घ्यायची, ठरावीक काळानं रक्त तपासायचं. वेळेवर सापडलेले आणि गोळी न चुकवणारे बहुतेक रुग्ण इतरांइतकंच जगतात, नोकरी करतात, म्हातारे होतात.

माझा विश्वास बसेना. दुसरा लेख उघडला, मग तिसरा. वेगवेगळ्या देशांतले डॉक्टर, वेगवेगळी रुग्णालयं, सगळे तेच म्हणत होते. लेखाच्या शेवटी मजकूर कधी सुधारला त्याची तारीख होती, तीही ताजी.

मी जिना चढून वर गेले. वैद्यकाचा तोच खंड काढला, पण या वेळी आजाराचं पान न उघडता शीर्षकाच्या मागचं पान उघडलं. दरवर्षी नव्या मुलांना मी घसा फोडून सांगते की कोश हातात घेतला की पहिलं हे पान बघायचं, आवृत्ती कोणती, साल कुठलं. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मी ते पान बघितलंच नव्हतं. ज्या गोळीबद्दल मी आत्ता वाचून आले होते, ती बाजारात यायच्या कितीतरी आधी हे पुस्तक छापून झालं होतं. पुस्तक खोटं बोललं नव्हतं. त्याच्या काळात ते तसंच होतं.

मी तिथंच स्टुलावर बसले. झाडलोट करणाऱ्या मावशी फडकं घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"मॅडम, रडताव का हसताव?"

"काय माहीत मावशी," मी म्हटलं. त्यांनी खाली जाऊन मला पाणी आणून दिलं आणि काही न विचारता कपाटं पुसायला लागल्या.

घरी गेल्यावर चहा ठेवायच्याही आधी मी नवऱ्याला बाहेरच्या खोलीत बसवलं. छापून आणलेली पानं समोर ठेवली.

"अहो, डॉक्टरांनी चिठ्ठीत काय लिहिलंय ते मला माहितीये."

तो पानांकडं बघतच नव्हता. "मलाबी माहितीये," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"त्याच दिवशी कारखान्यात फोनवर बघितलं. एक जण सांगत व्हता, या बिमारीला औषधच नाय. दुसरा कसला तरी काढा विकत व्हता." त्यानं घसा खाकरला. "तुला कसं सांगू, तेच कळंना. तू लगेच रडायला लागशील वाटलं."

"आणि मी तुम्हाला सांगत नव्हते."

"व्हय, म्हणूनच भाजीत मीठ नसतानाबी मी छान म्हणत व्हतो."

मग मी त्याला वाचून दाखवलं. इंग्रजी वाक्य वाचायचं, मराठीत सांगायचं, पुन्हा पुढचं वाक्य. मधेच तो म्हणाला, "थांब. ते परत वाच. नोकरी करतात ते." मी परत वाचलं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं, उन्हातून आल्यावर पुसतात तसं.

"पण अजून डॉक्टरांनी सांगायचंय," मी म्हटलं. "तोवर हे नुसतं आपलं वाचन."

"हां. पण झोप तर लागंल आज."

तज्ज्ञ डॉक्टर वयानं आमच्याहून लहान होते. त्यांनी सगळं तपासलं, हाडातला मगज घेतला, जनुकांच्या तपासणीला रक्त पाठवलं. अहवाल आला आणि तोच आजार निघाला. सगळं आधी वाचलेलं असूनही मी अहवालावरचं ते नाव पुन्हा पुन्हा वाचत राहिले. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. "लवकर सापडलंय, ही चांगली गोष्ट. रोज एक गोळी. बीपीची घेतात तशी, पण एकही दिवस चुकवायची नाही. काही दिवस मळमळेल, पाय सुजतील, घाबरायचं नाही. मुलीचं लग्न तुम्हीच लावणार आहात."

"आधी तिला शिकू द्या डॉक्टर," नवरा म्हणाला, आणि मला त्याचा तो आवाज इतका ओळखीचा वाटला की मी मान वळवून खिडकीकडं बघितलं.

सासूबाई पाचोडला असतात. त्यांना कसं सांगायचं यावर आम्ही वाटेत बरंच बोललो होतो. त्या मोसंबीच्या बागेतून आल्या, हातपाय धुतले, खाटेवर टेकल्या. नवऱ्यानं सगळं सांगितलं, फक्त कर्करोग शब्द गाळून.

"गोळीनं बरं राहतंय ना?" त्यांनी विचारलं.

"राहतंय."

"मंग घ्यायची गोळी. त्यात काय एवढं सांगायला आलाव दोघं? जेवून जा." आम्ही निघताना मात्र त्यांनी मला चुलीपाशी ओढून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "त्यो इसरभोळा हाय लहानपणापासून. गोळी तू देत जा." त्यांचा हात माझ्या मनगटावर बराच वेळ होता. त्यांना किती कळलं होतं, मी विचारलं नाही.

फुकटचा महिना संपला तेव्हा सरांनी माझं मत विचारलं. मी डेटाबेस घ्या म्हटलं. "मात्र वरचा मजला रिकामा करायचा नाही," मी म्हटलं. "तिथं काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते मी ठरवते." ते तयार झाले. आठवडाभर मी प्रत्येक खंडाचं शीर्षकामागचं पान बघत बसले. वैद्यकाचे कोश, औषधांची पुस्तकं, बदललेले कायदे, हे सगळं खुल्या कपाटातून काढून गोदामात नेलं. कधी कुणी वैद्यकाचा इतिहास लिहायला घेतला तर लागतील. शब्दकोश, नकाशे आणि मराठवाड्यातल्या गावांची माहिती असलेले खंड मी हलवले नाहीत. त्यातलं बरंचसं अजून कुठल्याच पडद्यावर आलेलं नाही. प्राणिशास्त्राच्या बाईंनाच पुढं एका पाखराचं गावाकडचं नाव हवं होतं, ते त्यांना वर टेबलाशी बसूनच मिळालं.

गोळीनं सुरुवातीला त्रास दिला. सकाळी मळमळ, डोळ्यांखाली सूज. पण महिन्या-महिन्याला पेशी उतरत गेल्या. पावसाळा सरल्यावरच्या तपासणीला डॉक्टरांनी कागद आमच्याकडं वळवला, पांढऱ्या पेशींच्या ओळीवर पेन टेकवलं आणि म्हणाले, "हे असंच राहू द्या. आता तीन महिन्यांनी या."

बाहेर ऊन होतं, पण टोचणारं नव्हतं. दवाखान्याच्या फाटकाशी एक बाई दौलताबादची सीताफळं टोपलीत घेऊन बसली होती. नवऱ्यानं दोन निवडली, अगदी पिकलेली, हातात धरवत नव्हती अशी.

"घरी जाऊन खाऊ," मी म्हटलं.

"घरी जाईस्तोवर राहत्यात व्हय ही," म्हणून त्यानं तिथंच एक फोडलं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं. फुटपाथच्या कडेला उभे राहून आम्ही खात होतो. बिया तो रस्त्याकडेच्या मातीत लांब उडवत होता, आणि त्याच्या शर्टाच्या बाहीवर रस ओघळला होता.